मालक बदलतो, तेव्हा कामगाराचे काय होते?



१ ऑक्टोबर २०२१ या दिवशी अंबरनाथच्या दोन संरक्षण कारखान्यांतील कामगार नेहमीच्याच वाटेने कामावर गेले. फाटक तेच होते, यंत्रे तीच होती, पाळीही तीच होती. बदलला होता तो मालक. आयुधनिर्माणी मंडळ त्या दिवसापासून इतिहासजमा झाले आणि त्याचे ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी नागपूरला मुख्यालय असलेल्या यंत्र इंडिया या कंपनीकडे गेली. त्याच गावातील मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी चेन्नईजवळच्या आवडी येथून चालणाऱ्या आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेली. काल एकाच मंडळाचे नोकर असलेले एका गावातील कामगार आज दोन निराळ्या कंपन्यांच्या हाताखाली आले.

या फेरबदलाविरुद्ध कामगार महासंघांनी संपाचा इरादा जाहीर केला होता. सरकारने त्याला उत्तर दिले ते ३० जून २०२१ च्या वटहुकुमाने. ऑगस्टमध्ये त्याचा अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा झाला आणि संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारच्या हाती आला. कामगारांची नोकरी जाणार नाही, असे आश्वासन मिळाले. त्यांना दोन वर्षांसाठी नव्या कंपन्यांकडे ‘मानीव प्रतिनियुक्ती’वर पाठवण्यात आले आणि पुढे ही मुदत वाढवण्यात आली. मुदत वाढली याचा आनंद कामगाराला जरूर होतो. परंतु ज्या सुरक्षिततेला मुदत लागते आणि ती मुदत दर वेळी वाढवून घ्यावी लागते, तिला सुरक्षितता म्हणावे काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

अंबरनाथमध्ये एका मंडळाच्या सात कंपन्या झाल्या. विमान उद्योगात याच्या उलट, अनेक कंपन्यांची एक कंपनी होत आहे. वरवर पाहता या दोन क्रिया परस्परविरोधी आहेत. कामगाराच्या बाजूने पाहिले, तर मात्र दोहोंतून उभा राहणारा प्रश्न एकच आहे. उद्योग एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तेव्हा कामगाराची गेल्या वीस-पंचवीस वर्षांची सेवा कोणाच्या खात्यावर जमा राहते?

या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर महाराष्ट्रातल्याच एका जुन्या लढ्यातून निघाले, याचे स्मरण फारसे कोणाला राहिलेले नाही. मिरज, पंढरपूर, बार्शी, लातूर या पट्ट्यात धावणारी बार्शी लाइट रेल्वे ही खासगी कंपनीची अरुंद मार्गाची गाडी होती. १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारने ताब्यात घेतली. जुन्या कंपनीने कामगारांची सेवा संपल्याचे कळवले आणि कामगारांनी छाटणीची भरपाई मागितली. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की चालू उद्योगात जादा ठरलेल्या कामगाराला काढणे म्हणजे छाटणी. मालकी बदलल्यामुळे किंवा खराखुरा उद्योग बंद झाल्यामुळे नोकरी गेली, तर ती छाटणी नव्हे. एका निर्णयाने कामगाराच्या पायाखालची वाळू सरकली. त्यानंतर १९५७ साली संसदेला औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती करावी लागली. कलम २५ एफएफ आजच्या परिचित स्वरूपात आले ते या दुरुस्तीने.

त्या कलमाचे सार तीन अटींत सांगता येते. हस्तांतरामुळे सेवेत खंड पडलेला नसावा. नव्या मालकाकडील सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी प्रतीच्या नसाव्यात. आणि पुढे कधी छाटणी झालीच, तर जुन्या मालकाकडील वर्षे धरून भरपाई देण्यास नवा मालक कायद्याने बांधलेला असावा. या तिन्ही अटी पाळल्या, तर हस्तांतराबद्दल वेगळी भरपाई नाही. यांतली एकही मोडली, तर छाटणी झाल्याप्रमाणे सूचना आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. बार्शीच्या रेल्वे कामगारांच्या दाव्यामुळे देशातल्या कामगारवर्गाच्या पदरात पडलेले हे माप आहे. कोणत्याही विलीनीकरणाचे मोल करताना कार्यकर्त्यांनी ते हाताशी ठेवावे.

आता हेच माप विमान उद्योगाला लावून पाहावे.

१९५३ साली विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. देशांतर्गत वाहतूक करणाऱ्या आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स हे महामंडळ उभे करण्यात आले. परदेशी वाहतूक एअर इंडियाकडे राहिली. त्या वेळच्या कायद्यात कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र कलम होते. १ जुलै १९५२ पूर्वीपासून नोकरीत असलेला कर्मचारी त्याच पगारावर आणि त्याच शर्तींवर महामंडळाचा कर्मचारी होईल, असे त्यात नमूद केले होते. ही तरतूद परिपूर्ण नव्हती, कारण त्या तारखेनंतर लागलेले लोक तिच्या बाहेर राहिले. तरीही माणसांचे काय करायचे, याचा विचार विमानांच्या मोजदादीबरोबरच झाला होता आणि तो कायद्याच्या शब्दांत बांधला होता.

२००७ च्या ऑगस्टमध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले, तेव्हा हा क्रम उलटा झाला. दोन्ही कंपन्या सरकारी, मालक एकच, तरीही दोन्हीकडचे पगार, बढत्या आणि ज्येष्ठतेचे नियम निराळे होते. कंपन्या आधी जोडल्या गेल्या आणि माणसांचा प्रश्न मागाहून सोडवायचा ठरले. परिणामी २०११ साली पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. २०१२ साली पूर्वाश्रमीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांचा संप ५८ दिवस चालला. नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या बाजूच्या वैमानिकांना मिळाल्यास आपली ज्येष्ठता जाईल, ही त्यांची धास्ती होती. दोन्ही वेळा व्यवस्थापनाने संबंधित संघटनेची मान्यता काढून घेतली. सेवाशर्तींचा मेळ घालण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली ती २०११ मध्ये, म्हणजे विलीनीकरणानंतर चार वर्षांनी. जे काम आधी व्हावयास हवे होते, ते मागाहून झाले. मधल्या काळात एका छपराखालचे कामगार परस्परांचे प्रतिपक्षी बनले.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाच्या ताब्यात गेली. विक्री जाहीर झाली तेव्हा सरकारने दिलेल्या आकड्यांप्रमाणे कंपनीत १२,०८५ कर्मचारी होते. त्यांपैकी ८,०८४ कायम आणि ४,००१ कंत्राटी. कर्मचाऱ्यांना एक वर्ष काढणार नाही, दुसऱ्या वर्षी काढायचे झाल्यास स्वेच्छानिवृत्ती योजना द्यावी लागेल, अशी अट होती. वीस वर्षे राबलेल्या माणसाला मिळालेले अभय एका वर्षाचे! त्यातच कालिना येथील कर्मचारी वसाहतीतली घरे विक्रीनंतर सहा महिन्यांत रिकामी करण्याचे फर्मान निघाले आणि रहिवाशांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. कायद्यातील तीन अटींत घराचा उच्चार नाही. पण वसाहतीत वाढलेल्या मुलाच्या शाळेचा आणि वृद्ध आईबापांच्या दवाखान्याचा संबंध सेवाशर्तींशी नाही, असे कोणता संसारी माणूस म्हणेल?

ज्या शिडीवर कायम नोकरांची ही स्थिती आहे, तिच्या तळाशी काय असेल? सामान चढवणारे, उतरवणारे, विमाने झाडणारे हात सरकारी मालकीच्या वेगळ्या कंपनीत ठरावीक मुदतीच्या करारावर ठेवलेले आहेत. १६ जुलै २०२४ रोजी कालिना येथे अशा हमाली कामाच्या भरतीसाठी हजारो तरुण लोटले आणि चेंगराचेंगरीसारखी स्थिती झाली. कराराची मुदत भरली की नोकरी आपोआप संपते. काढण्याचे कष्टही मालकाला पडत नाहीत. विलीनीकरणाच्या वाटाघाटींत अशा माणसाचे नाव कोठेही येत नाही.

२०२४ च्या वसंतात हा प्रश्न पुन्हा दोनदा उफाळला. विस्तारा ही कंपनी एअर इंडियात विलीन होणार होती. दोन्हीकडचे वेतन एका साच्यात बसवताना विस्ताराच्या वैमानिकांचे हमीचे उड्डाणतास कमी झाले. त्यांनी मोठ्या संख्येने आजारपणाच्या रजा टाकल्या आणि उड्डाणे रद्द झाली. मे महिन्यात एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानसेवक-सेविकांनी तेच केले. व्यवस्थापनाने २५ जणांना बडतर्फ केले. मुख्य कामगार आयुक्तांसमोर समेट झाला आणि ९ मे रोजी त्या २५ जणांना परत घेण्याचे ठरले. नोटिशीने गेलेली नोकरी संघटनेच्या बळावर परत आली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. विलीनीकरण झाले नसते, तर तोट्यातली कंपनी बुडाली असती आणि सर्वांच्याच नोकऱ्या गेल्या असत्या, असे सांगितले जाते. यात तथ्य नाही असे नाही. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली. तिच्या पुनरुज्जीवनाची योजना वर्षानुवर्षे रेंगाळली आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. हजारो कर्मचाऱ्यांना भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीच्या हक्काच्या पैशांसाठी न्यायालयात जावे लागले. बुडालेल्या कंपनीपेक्षा विलीन झालेली कंपनी बरी, हे मान्य करावयास हरकत नाही. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष असा, की विलीनीकरण कामगारांच्या संमतीने आणि लेखी हमीने व्हावे. बुडण्याची भीती दाखवून कोऱ्या कागदावर सही मागावी, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. याच जेटने ऑक्टोबर २००८ मध्ये किंगफिशरशी सहकार्याचा करार जाहीर केल्यावर दोन दिवसांत कपात आरंभली होती. सुमारे १,९०० जणांना काढण्याचा बेत होता. कर्मचारी रस्त्यावर आले, गदारोळ झाला आणि दुसऱ्याच दिवशी तो निर्णय मागे घ्यावा लागला. कपात अटळ असती, तर ती एका दिवसात टळली नसती.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्याला मालकबदल नवा नाही. अंबरनाथमध्ये स्वीडिश भांडवलाची वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी आगपेट्या बनवीत असे. २००५ साली ती आयटीसीच्या हाती गेली. आगपेटीचा कारखाना आज चालत नाही. विम्को नाका मात्र रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे. शहाडला लागून असलेल्या उल्हासनगरच्या सेंच्युरी रेयॉनचा कारभार १ फेब्रुवारी २०१८ पासून पंधरा वर्षांसाठी ग्रासिम कंपनीकडे गेला. मूळची सेंच्युरी टेक्स्टाइल्स ही कंपनी २०२४ साली आदित्य बिर्ला रिअल इस्टेट या नावाने ओळखली जाऊ लागली. कारभार एकाकडे, मालमत्ता दुसऱ्याकडे आणि मुदत पंधरा वर्षांची. अशा व्यवस्थेत मुदतीनंतर आपल्या सेवेची जबाबदारी कोणावर, हे कामगाराने आजच लेखी विचारून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

आणि उल्हासनगरच्या गाळ्यांत जीन्स शिवणाऱ्या कामगाराचे काय? त्याला हजेरीपट नाही, नेमणूकपत्र नाही. शेठ बदलला की नोकरी पहिल्या दिवसापासून सुरू होते. त्याच्या आयुष्यात दर दिवाळीला एक विलीनीकरण होते. त्याची बातमी तेवढी कोठे छापून येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली आणि जुना औद्योगिक विवाद कायदा संपुष्टात आला. हस्तांतराच्या भरपाईची तरतूद नव्या संहितेत टिकून आहे. परंतु छाटणी आणि बंदीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्यापासून लागू होई, ते आता तीनशेपासून लागू होते. ठरावीक मुदतीच्या नोकरीला कायद्याची मान्यता मिळाली आहे. प्रत्येक उद्योगात संपापूर्वी नोटीस देणे सक्तीचे झाले आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतले लहान-मध्यम कारखाने डोळ्यांपुढे आणले, तर तीनशेच्या या उंबरठ्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. हस्तांतराची कुणकुण लागताच ज्येष्ठता यादी, नेमणूकपत्रे, पगाराच्या पावत्या आणि भविष्यनिर्वाह निधीचे खाते यांच्या नकला प्रत्येक कामगाराच्या हाती असल्या पाहिजेत. जुना मालक, नवा मालक आणि संघटना यांच्यातील त्रिपक्षीय करार ताबा देण्यापूर्वी व्हावा आणि त्यात सेवेचे सातत्य, सेवाशर्ती व पुढील भरपाईची जबाबदारी शब्दांत लिहिलेली असावी. विलीन होणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या संघटनांनी पहिली बैठक एकमेकांबरोबर घ्यावी, व्यवस्थापनाबरोबरची दुसरी. २००७ नंतर वैमानिकांच्या बाबतीत हा क्रम चुकला आणि त्याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली. शेवटची गोष्ट, कंत्राटी कामगाराचे नाव मागणीपत्रात पहिल्या पानावर असावे. तो बाहेर राहिला, तर उद्या कायम कामगाराला काढून त्याच जागी त्याला बसवले जाईल आणि दोघांनाही त्याचा जाब विचारता येणार नाही.

कंपनीच्या ताळेबंदात इमारत, यंत्र, जमीन आणि नाव यांची किंमत मांडलेली असते. कामगाराची वीस वर्षे त्यात कोठेही मांडलेली नसतात. ती मांडून घेण्याचे काम बार्शीच्या रेल्वे कामगारांनी सुरू केले. सत्तर वर्षांनंतर ते अंबरनाथच्या फाटकावर आणि विमानतळाच्या धावपट्टीवर पुढे न्यायचे आहे.