काटा काय सांगतो, टाकीत काय आहे

(झरी जामणी तालुक्यातील महिला बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



आजच्या कार्यक्रमात 'ट्रकचा डिझेलचा काटा बिघडला तर' हा विषय वाचून सकाळपासून हसू चाललंय. एकीनं मला विचारलंही, "ताई, आमच्या घरी सायकल धड नाही, अन् ट्रकचं कायले शिकवता?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचं उत्तर देते.

आपल्या भागातून रात्रंदिवस ट्रक जातात. वणीकडच्या खाणींचा कोळसा, मुकुटबनची चुनखडी आणि सिमेंट, हंगामात कापूस. रस्त्याकाठच्या बाईच्या वाट्याला आजवर या वाहतुकीतून आली ती धूळ आणि अपघाताची भीती. कुमारी मातांच्या प्रश्नावर काम करताना आपण पाहिलं, की कोलाम पोडांवरच्या पोरींना फसवून निघून गेलेल्यांत बाहेरून आलेले ठेकेदार होते, गाड्यांवरची माणसं होती. त्यामुळे ट्रक हे पुरुषांचं आणि परक्यांचं जग, अशी आपल्या मनाची गाठ बसली आहे.

पण दुसरी एक गोष्ट हळूहळू घडते आहे. ट्रक, ट्रॅक्टर, मालवाहू टेम्पो बाईच्या नावावर दिसू लागले आहेत. कुठं नवरा गेल्यामुळे, कुठं कर्ज तिच्या नावानं मिळतं म्हणून. कागदावर नाव तिचं. किल्ली, डिझेल, भाडं आणि हिशेब मात्र दीराकडे, भावाकडे, नाहीतर गॅरेजवाल्याकडे. हप्ता थकला की बँकेची माणसं येतात ती तिच्याच दारात. अशा मालकीला मालकी म्हणायचं का, हा आजचा खरा प्रश्न आहे.

आपल्याच एका गटातली हकिगत सांगते. नावं सांगत नाही. नवऱ्याच्या माघारी एका ताईंनी त्याचा जुना ट्रक विकला नाही. कापूस आणि गिट्टीच्या भाड्यावर चालवायला ठेवला. ड्रायव्हर गावातलाच, त्याची बायको त्याच गटात. काही महिन्यांनी असं व्हायला लागलं, की संध्याकाळी काटा अर्ध्यावर असायचा आणि सकाळी किल्ली फिरवली की तळाला. ताईंच्या दीरानं निकाल दिला, "रात्री डिझल काढते हा." पगारातून पैसे कापले. तो चिडून काम सोडून गेला. त्याच्या बायकोनं बैठकीला येणं बंद केलं. 'चोराची बायको' म्हणून पाणवठ्यावर तिला ऐकून घ्यावं लागत होतं. एका गॅरेजवाल्यानं "मीटर गेला" म्हणून नवा मीटर बसवला, त्याचे पैसे घेतले. काटा होता तसाच.

शेवटी काय केलं? एक कोरडी, स्वच्छ काठी टाकीत सरळ तळापर्यंत सोडली. काठी जवळपास अर्ध्यापर्यंत भिजून वर आली. डिझेल जागच्या जागी होतं. खोटं बोलत होता तो काटा. दोन बायकांची मैत्री, एका घराची मजुरी आणि दुसऱ्या घराचे मीटरचे पैसे, एवढं नुकसान झालं. ही काठी पहिल्याच दिवशी टाकायला हवी होती आणि ती टाकायला कुठलीही डिग्री लागत नव्हती.

आता हा काटा चालतो कसा ते पाहू. गाडीच्या काचेखालचा काटा स्वतः काही मोजत नाही. मोजणारा असतो टाकीच्या आत. टाकीच्या वरच्या अंगाला एक गोल झाकण स्क्रूंनी बसवलेलं असतं. त्याच्याखाली एक दांडी आणि दांडीच्या टोकाला तरंगणारा फ्लोट. आपल्या संडासच्या टाकीत बॉल असतो ना, तसाच. डिझेल कमी झालं की फ्लोट खाली जातो, दांडी फिरते आणि एका पट्टीवरून एक पत्रा सरकतो. तो कुठं टेकला आहे त्याप्रमाणे वीज कमी-जास्त अडते. ती खबर एका वायरीनं वर काट्याकडे जाते. वीज परत जायला टाकीचं आणि चॅसीचं लोखंड असतं, किंवा वेगळी वायर असते. त्याला मिस्त्री 'अर्थ' म्हणतात. म्हणजे दुवे चार: फ्लोटची पट्टी, वायर, अर्थ आणि काटा. यातला कुठला तुटला हे शोधायचं आहे.

काट्याची वागणूक नीट पाहिली तर निम्मा शोध तिथंच लागतो. खड्ड्यात गाडी गेली की काटा थरथरतो, नाचतो? बहुधा वायर किंवा अर्थ सैल आहे. पावसाळ्यात चिखल आणि गंज याची पहिली धाड तिथंच पडते. टाकी भरली तरी काटा तळालाच? फ्लोटला भोक पडून त्यात डिझेल शिरलं असेल आणि तो बुडाला असेल, किंवा वायर तुटली असेल. काटा एका जागी चिकटलाय? दांडी वाकून आत अडकली असेल. एका ठरावीक पातळीपर्यंत बरोबर आणि मग एकदम खाली? पट्टी त्या जागी झिजली आहे. त्या ताईंच्या ट्रकचं हेच होतं. आणि डिझेलच्या काट्याबरोबर इंजिनच्या गरमीचा काटाही चुकीचं दाखवत असेल, तर टाकीत हात घालूच नका. दोष वर, मीटरला येणाऱ्या विजेत आहे.

तपासायचा क्रम पाठ करा. पहिली काठी. दुसरा फ्यूज. तिसरं, टाकीवरच्या वायरीचं टोक आणि अर्थची जागा काढून घासून स्वच्छ करणं, घट्ट बसवणं. बऱ्याच वेळा काम इथंच संपतं. चौथं, जुन्या साध्या गाडीवर एक परीक्षा आहे. किल्ली चालू ठेवून टाकीवरची वायर काढायची आणि काटा पाहायचा. मग त्या वायरीचं टोक क्षणभरच चॅसीच्या स्वच्छ लोखंडाला लावायचं आणि पुन्हा पाहायचा. हे टाकीच्या तोंडापासून दूर करायचं, टाकीचं झाकण बंद ठेवून. काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेला, तर काटा आणि वायर ठीक आहेत, दोष टाकीतल्या भागात किंवा त्याच्या अर्थमध्ये. काटा हललाच नाही, तर दोष वायरीत किंवा मीटरमध्ये. कुठल्या टोकाला 'भरलेली' आणि कुठल्या टोकाला 'रिकामी', हे गाडीगाडीत उलटसुलट असतं, त्यानं घोटाळू नका. ही परीक्षा केली असती तर नव्या मीटरचे पैसे वाचले असते.

पाचवं, टाकीतला भाग बाहेर काढायचा झाला तर आधी बॅटरीची तार काढायची. जवळ बिडी नाही, चूल नाही, दिवा नाही. डिझेल पेट्रोलइतकं चटकन भडकत नाही, पण म्हणून त्याच्याशी खेळायचं नाही. फ्लोट कानाशी हलवून पाहा, आत खळखळ आली तर तो फुटला आहे. मल्टीमीटर असेल तर दांडी सावकाश वर-खाली करा. आकडा सुरळीत बदलत गेला तर पट्टी चांगली, मध्येच उडाला तर झिजलेली. परत बसवताना खालचं पॅकिंग नवं घाला, नाहीतर टाकीत पाणी शिरेल.

नव्या गाड्यांबाबत सावध करते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम लागू झाले. अशा ट्रकमध्ये टाकीची खबर बहुधा गाडीच्या कॉम्प्युटरमधून जाते. तिथं वायर लोखंडाला लावायची परीक्षा करू नका, तपासणीचं यंत्र असलेल्या ठिकाणी न्या. बऱ्याच नव्या ट्रकना डीईएफ या द्रवाची वेगळी टाकी असते, तिचं झाकण निळं. तिचा काटा वेगळा. त्या टाकीत डिझेल ओतलं तर दुरुस्तीचा खर्च फार मोठा होतो. काठी आणि वही मात्र नव्या गाडीलाही चालते.

काट्याकडे दुर्लक्ष का करायचं नाही, हेही समजून घ्या. डिझेल गाडी कोरडी पडली की पाइपात हवा शिरते. नुसतं डिझेल ओतून ती चालू होत नाही. हातपंप मारून, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हवा काढावी लागते. रात्री जंगलातल्या रस्त्यावर हे काम ड्रायव्हर आणि क्लीनरच्या जिवावर येतं.

आणि चोरी होतच नाही असं मी म्हणत नाही. ती पकडायची तर काट्यावरून नको, हिशेबावरून पकडा. टाकी तोंडापर्यंत भरा, किलोमीटर लिहा. पुढच्या खेपेला पुन्हा तोंडापर्यंत भरा. ३०० किलोमीटर झाले आणि ६० लिटर लागलं, म्हणजे लिटरला ५ किलोमीटर. असं पाच-सहा वेळा लिहिलं की तुमच्या गाडीची चाल कळते. मग एखाद्या वेळी आकडा घसरला तर विचारायचा हक्क तुम्हाला आहे. त्यातही भार, चढ, टायरमधली हवा लक्षात घ्या. टाकी रिकामी असेल तेव्हा २०-२० लिटर ओतून काठीवर खुणा करा, गाडी सपाट जागी उभी असताना. ती काठी मालकिणीच्या घरात राहू द्या आणि मोजताना ड्रायव्हर समोर असू द्या. बाहेरच्या पुरुषांनी इथल्या मुलींवर अन्याय केला, म्हणून गाडीवरच्या प्रत्येक गरीब माणसाला पुराव्याशिवाय चोर ठरवणं हा न्याय नव्हे. ती झळ शेवटी त्याच्या बायकोलाच लागते.

कायद्याचं एक सांगते. गाडीचा मालक वारला तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे वारसानं ३० दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवायचं. असं कळवलं तर ३ महिने गाडी वापरता येते आणि त्या मुदतीत नमुना ३१ भरून नाव चढवायचा अर्ज करायचा. परमिटचंही असंच ३० दिवसांत कळवायचं असतं. सुतकाच्या दिवसांत बाईला कुणी हे सांगत नाही. तेरवीच्या आधी तिच्यासमोर कोरे कागद सहीला येतात. गटातल्या बाईनं तिच्या शेजारी बसायला हवं ते तेव्हा.

भोपाळच्या योगिता रघुवंशी यांचं नाव काहींनी ऐकलं असेल. त्या मूळच्या आपल्या महाराष्ट्रातल्या, नंदुरबारच्या. २००३ साली पती गेले, पदरात दोन मुलं. त्यांनी ट्रकचा धंदा हाती घेतला. ड्रायव्हरनं हैदराबादजवळ गाडीला अपघात केला आणि तो पळून गेला. योगिताताई स्वतः मिस्त्रीला घेऊन तिथं गेल्या, गाडी दुरुस्त करून घरी आणली आणि पुढं स्वतःच स्टिअरिंगवर बसल्या. नागपूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग आपल्या पांढरकवड्यावरूनच जातो. प्रत्येकीनं ट्रक चालवावा असं माझं म्हणणं नाही. पण जी वस्तू आपल्या नावावर आहे ती आतून कशी चालते, हे विचारायला लाजू नये.

तेव्हा आज इथून जाताना तीन कामं घेऊन जाऊ. आपापल्या गटात कोणाच्या नावावर कुठलं वाहन आहे याची यादी करायची. प्रत्येक वाहनाला एक वही आणि खुणा केलेली एक काठी द्यायची. आणि दहावी झालेल्या दोन तरी मुलींना आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या वर्गाचा अर्ज भरायला लावायचा.

बाहेर एक ट्रक उभा आहे. चहानंतर सगळ्यांनी तिकडं या. काठी मी आणली आहे, टाकीत सोडायची तुम्ही.