बाप्पाचे कान
(गणेशोत्सवातील भाषण)



फरीदाबादेत एका रुग्णालयाच्या व्यवस्थापनात मी नवा होतो. जिन्यापाशी पाणी गळते, असे सफाईच्या ताईंनी दोनदा सांगितले. मी फायलींत गुंतलेला. तिसऱ्या दिवशी तिथेच एक आजोबा घसरले. खुब्याचे हाड मोडले. चूक माझीच होती.

पुढे जामखेडचे काम वाचले. १९७० पासून डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी तिथे खेड्यांतल्या निरक्षर बायकांनाही शिकवून आरोग्यसेविका केले, त्यांच्यावर विश्वास टाकला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या क्षेत्रात येणाऱ्या मुलांनो, रोज वॉर्डात फेरी मारा, सर्वांत खालच्या माणसाचे आधी ऐका आणि त्याच दिवशी काम मार्गी लावा. बाप्पाचे कान उगीच सुपाएवढे नाहीत!

गणपती बाप्पा मोरया!