दंडातील बेटकुळी
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



लहान मूल दंड फुगवून बेटकुळी दाखविते, तेव्हा घरात केवढे कौतुक होते! ती बेटकुळी एकाएकी जागा सोडते, त्या प्रसंगाविषयी आज आम्हांस बोलावयाचे आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातील आपली मुले पहाटेपासून मैदानावर दिसतात. कोणी कबड्डी खेळतो, कोणी पोलीसभरतीसाठी सव्वासात किलोचा गोळा फेकतो. सायंकाळी व्यायामशाळेत वजने उचलणेही आलेच. स्नायूला हाडाशी जखडणाऱ्या चिवट दोरीस कंडरा म्हणतात. बेटकुळीच्या स्नायूची खालची कंडरा कोपराशी, अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर बसलेली असते. कोपर वाकलेले असताना हात बळाने सरळ ओढला गेला, की ती उपटते. चढाई करणाऱ्याचा घोटा धरला आणि त्याने हिसका दिला, अथवा निसटते वजन सावरले, की हा प्रकार घडू शकतो. फट्‌दिशी काही तुटल्यासारखे वाटते, कोपराच्या खळगीत काळेनिळे पडते आणि स्नायू गोळा होऊन वर सरकतो.

ही दुखापत मुख्यतः चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषांची, तरुणांत विरळा. परंतु धूम्रपानाने आणि व्यायामशाळेत कानोकानी मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी तिचा धोका वाढतो. वाढीच्या वयात कंडरेऐवजी हाडाचा तुकडाच निघण्याचा संभव अधिक, म्हणून एक्स-रे काढावाच.

खरा घात पुढेच आहे. वेदना लवकर ओसरते, आणि दुसरे स्नायू साहाय्यास असल्याने हात वाकतोही. मग ‘शीर चढली’ म्हणून आपण तेल चोळीत बसतो! कोपर काटकोनात, तळवा वर ठेवून दुसऱ्या हाताचे बोट बाहेरच्या बाजूने खळगीत घालावे. धड हातात ते दोरीसारख्या कंडरेखाली अडकते, तुटलेल्या हातात अडकत नाही. अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञाकडेच जावे. दोन-तीन आठवड्यांत कंडरा पुन्हा हाडाशी बांधता आली तर उत्तम. पुढे ती आखडते व शस्त्रक्रिया बिकट होते. सिरोंचा-भामरागडकडील माणसाचे, विशेषतः पर्लकोटेला पूर असताना, यांतले कित्येक दिवस वाटेतच जातात. चंद्रपुरास २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शस्त्रक्रियेनंतरही जड वजनास चार-सहा महिने हात लावू नये. एक भरती हुकेल, हे आईबापांनी आधीच मनाशी धरावे.

आमच्या घरातील एका मुलाचे पाच आठवडे आम्हीच मालिशीत घालविले. आज पंपाचा नट आवळताना तो डावा हात पुढे करतो.