विमानतळाशेजारचा माणूस



या व्यासपीठावर बहुधा विद्वान मंडळी बोलतात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण जिनाच्या आवारात, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा आज आपणांस व्याख्यान ऐकावयास मिळेल असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एक गाऱ्हाणे मांडणार आहोत, आणि तेही अजून पुरते उभे न राहिलेले. ते उभे राहण्यापूर्वीच का मांडावयाचे, हे समजावे म्हणून आरंभी एक जुनी गोष्ट सांगतो.

आमच्या तरुणपणी एका जिनात आमच्याबरोबर एक फिटर होते. वीस-बावीस हंगाम त्यांनी त्या शेडमध्ये काढले. जिनाच्या शेडमध्ये आवाज किती असतो, हे या सभेत बसलेल्या निम्म्या लोकांस सांगावयास नको. एके दिवशी ते आम्हांस म्हणाले, "भाऊ, मले आता भोंगाच आयकू येत नाही. बाकीचे उठले का मी उठतो." आम्ही नवे कार्यकर्ते, अंगात जोर होता. कायद्यात आवाजाने येणारे बहिरेपण हा धंद्यातला आजार मानलेला आहे, हे आम्ही वाचून काढले आणि भरपाईचा अर्ज केला. समोरच्या वकिलाने आम्हांस एवढेच विचारले, "शेडमध्ये आवाज किती होता? तो कोणी, कधी मोजला?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. अर्ज फेटाळला गेला. आवाज होता हे शेडमधल्या प्रत्येक माणसास ठाऊक होते, पण कागदावर त्याची एक ओळ नव्हती.

त्या दिवसापासून आम्ही एक गोष्ट धरून चाललो आहोत. जे मोजले नाही आणि नोंदवहीत आले नाही, ते पुढे कोणी मान्य करीत नाही. आणि मोजमाप नुकसान होण्याच्या आधी सुरू करावे लागते. आजचा विषय विमानतळाचा आहे, पण सांगावयाचे आहे ते हेच.

कोणी म्हणेल, मूर्तिजापूरला विमानतळ कोठे आहे? येथे नाही, हे खरे. पण आपण दोन विमानतळांच्या मध्ये बसलो आहोत. पश्चिमेस अकोल्याजवळ शिवणीचा, आणि पूर्वेस अमरावतीजवळ बेलोऱ्याचा. शिवणीची धावपट्टी 1943 साली, महायुद्धाच्या धामधुमीत तयार झाली. लांबी सुमारे 1400 मीटर. मोठ्या प्रवासी विमानांस ती अपुरी पडते, म्हणून तिच्या वाढीची मागणी कित्येक वर्षे चालू आहे, आणि कृषी विद्यापीठाच्या जमिनीचा प्रश्नही तितकाच जुना आहे. बेलोऱ्याची गोष्ट निराळी. तेथे 1850 मीटरची धावपट्टी झाली आणि 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईचे विमान सुरू झाले. आरंभी आठवड्यातून तीन दिवस. आपल्या तालुक्यातले मजूर बांधकामावर, माल चढवण्या-उतरवण्यावर अशा ठिकाणी जातात. आपल्या लेकी त्या बाजूच्या गावांत दिल्या आहेत. तेव्हा हा प्रश्न परका नव्हे.

विमान येऊ नये असे आमचे म्हणणे नाही. मुंबईस उपचारासाठी जाणाऱ्या रोग्याचे रात्रभराचे हाल वाचत असतील, तर कोणाही शहाण्या माणसास आनंदच वाटेल. पण विमानात बसणारा एक, आणि विमानाखाली राहणारा दुसरा. पहिल्याला तिकिटावर त्याचे हक्क छापून मिळतात. दुसऱ्याच्या हाती कोणता कागद असतो?

प्रथम आवाजाचे पाहू. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप आपल्या किलोसारखे सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट होते. 2000 सालच्या नियमांनी राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली. 2018 साली विमानतळांच्या परिसरासाठी निराळी मर्यादा ठरली: गजबजलेल्या विमानतळांस दिवसा 70 व रात्री 65, आणि इतर चालू विमानतळांस दिवसा 65 व रात्री 60. म्हणजे छोट्या विमानतळाशेजारच्या घराने रात्री इतरांपेक्षा पंधरा डेसिबल अधिक, ऊर्जेच्या हिशेबाने सुमारे तीसपट आवाज सोसावा, असे ठरले. याउलट जागतिक आरोग्य संघटनेने 2018 सालीच युरोपासाठी शिफारस केली, ती विमानांचा रात्रीचा आवाज 40 डेसिबलच्या खाली ठेवावा अशी. सर्वच आकडे दीर्घ वेळेच्या सरासरीचे असतात, हेही ध्यानात ठेवावे. सरासरीत झोपमोड दिसत नाही. रात्री दोनदा दचकून उठलेल्या बाळंतिणीस "तुमची सरासरी ठीक आहे" असे सांगून काय उपयोग?

आठवड्यातल्या तीन विमानांनी कोणाचे कान जात नाहीत, हे आम्हीही जाणतो. पण छोट्या विमानतळावरचा खरा आवाज बहुधा प्रवासी विमानाचा नसतो. तो शिकाऊ विमानांचा असतो. प्रवासी विमान उडाले की गेले. शिकाऊ विमान उडते, वळसा घेते, उतरते, पुन्हा उडते. त्याच त्याच शेतांवरून, त्याच त्याच घरांवरून. बेलोऱ्यास एअर इंडियाच्या वैमानिक शाळेची घोषणा 2024 साली झाली आणि वर्षास 180 वैमानिक घडविण्याची तिची क्षमता सांगितली गेली. आपल्या देशात धंदेवाईक वैमानिकाच्या परवान्यासाठी 200 तास उड्डाण लागते. साधा गुणाकार करा: पूर्ण क्षमतेने शाळा चालली तर 36,000 तास. वर्षाचे एकूण तास 8,760. यातले बरेच उड्डाण दूरच्या गावांकडे होईल, सगळे बेलोऱ्याच्या डोक्यावर होणार नाही, हे मान्य. तरी हा आकडा तेथील ग्रामसभेत कोणी फळ्यावर लिहून समजावला पाहिजे की नाही? वैमानिकांची शाळा वऱ्हाडात येते याचा आम्हांस अभिमान आहे. आपल्या मुलांनी तेथे शिकावे. पण शेजारच्या शाळेतल्या मुलांसही आपल्या गुरुजींचा शब्द ऐकू आला पाहिजे.

हे केवळ बोलणे नव्हे. जर्मनीत म्यूनिक शहराचा जुना विमानतळ 1992 साली बंद झाला आणि दुसरीकडे नवा सुरू झाला. संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या शाळकरी मुलांची बदलापूर्वी व बदलानंतर तपासणी केली. नव्या विमानतळाशेजारच्या मुलांचे वाचन आणि दीर्घकाळची स्मरणशक्ती मागे पडली. जुन्या विमानतळाशेजारच्या मुलांची सुधारली. तेथे हे सांगता आले, कारण विमाने येण्यापूर्वी मुलांची तपासणी झाली होती. आमच्या फिटरच्या प्रकरणात नेमके हेच झाले नव्हते.

आता धोक्याचे बोलू. येथे आपल्या वऱ्हाडी माणसास विसरता न येणारी एक घटना आहे. 26 एप्रिल 1993 रोजी औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग मुंबईकडे निघाले. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडचा रस्ता जातो. त्या रस्त्यावरून त्याच वेळी कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमान वेळेत पुरेसे उचलले गेले नाही. त्याची चाके गाठींवर आदळली, पुढे ते विजेच्या तारांत सापडून कोसळले. विमानात 118 माणसे होती. त्यांपैकी 55 मरण पावली. चौकशीत वैमानिकांची चूक निघालीच, पण उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखली गेली नाही, हाही दोष विमानतळ प्राधिकरणाच्या पदरी आला.

मंडळी, गाठी बांधणारे आणि गाठी वाहणारे लोक या सभेत आहेत. मूर्तिजापूर जंक्शनात वाढलेल्या आपणां सर्वांस फाटक म्हणजे काय हे ठाऊक आहे. आपली शकुंतला कशी डुलत जात असे! तरी तिच्यासाठीसुद्धा रस्ता थांबत असे. मग ताशी दोनअडीचशे किलोमीटरने धावणाऱ्या यंत्रासाठी रस्ता का थांबू नये?

अलीकडचे सांगावयाचे तर 12 जून 2025 रोजी अहमदाबादेस विमान उडाल्याबरोबर वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडले. 260 बळींपैकी 19 जण जमिनीवरचे होते. जेवणाची वेळ होती; मुले भोजनालयात बसली होती. शिकाऊ विमानांचेही तसेच. मार्च 2023 मध्ये गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून निघालेले विमान बालाघाटच्या डोंगरात पडून शिक्षक आणि शिकाऊ असे दोघे गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बारामतीजवळ चार दिवसांत दोन शिकाऊ विमाने कोसळली. भिवविण्यासाठी हे सांगत नाही. बॉयलरही रोज फुटत नाही. तरी त्याची तपासणी दरसाल होते, आणि ती व्हावी म्हणून आपल्या आधीचे कामगार लढले.

या बाबतीत आपलेही कर्तव्य आहे, ते लपवून चालणार नाही. 1937 सालापासून चालत आलेल्या विमान नियमांतला 91 वा नियम सांगतो की विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापू नयेत, सोलू नयेत, घाण-कचरा टाकू नये. कारण घाणीवर पक्षी येतात आणि पक्षी इंजिनात शिरतात. जानेवारी 2009 मध्ये न्यूयॉर्कला रानहंसांच्या थव्याने विमानाची दोन्ही इंजिने बंद पाडली. वैमानिकाने ते नदीत उतरविले म्हणून सगळे वाचले. गाडगेबाबांचे बालपण आपल्याच तालुक्यातल्या दापुऱ्यास आजोळी गेले. त्यांनी गावोगाव खराटा चालविला, तेव्हा विमानाचा विचार कोणाच्या मनात नव्हता. पण उकिरड्याची गोष्ट तीच आहे. ग्रामपंचायतीने कचऱ्याचा ढीग धावपट्टीच्या दिशेस टाकावयाचा आणि मग धोक्याची तक्रार करावयाची, हे शोभत नाही.

धुराचे थोडक्यात सांगतो. पिस्टन इंजिनाच्या बऱ्याच छोट्या विमानांच्या पेट्रोलात अजून शिसे असते. मोटारीच्या पेट्रोलातून ते आपल्याकडे 2000 साली गेले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रीड-हिलव्ह्यू या छोट्या विमानतळाशेजारी मुलांच्या रक्तात शिसे वाढलेले आढळले, आणि तेथल्या काउंटीने 1 जानेवारी 2022 पासून शिसेयुक्त इंधनाची विक्री थांबविली. बेलोऱ्याच्या शाळेसाठी मागविलेली विमाने मात्र जेट इंधनावर चालणारी आहेत असे जाहीर झाले आहे. तेव्हा हा दोष त्यांस लावणे अन्यायाचे होईल. ज्याचे श्रेय त्यास द्यावे. उद्या दुसरी विमाने आली तर कोणते इंधन, हे विचारण्याचा हक्क तेवढा राखून ठेवावा.

आमच्यावर आक्षेप येईल की हे विकासाच्या आड येणे आहे. पंचवीस-तीस वर्षे हे वाक्य आम्ही दरवाजासभेत ऐकत आलो. पंख्यास जाळी मागितली तेव्हा ऐकले, कापसाच्या धुळीसाठी तोंडावरची पट्टी मागितली तेव्हाही ऐकले. जाळीने कोणतेही जिन बंद पडले नाही. बोटे मात्र वाचली.

तेव्हा मागण्या चार. पहिली: बेलोऱ्याभोवतीच्या गावांत, आणि शिवणीची धावपट्टी वाढण्यापूर्वी तेथेही, आवाज आजच मोजावा. नुसती सरासरी नको; रात्रीची प्रत्येक वेळही नोंदावी, आणि ती नोंदवही मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. दुसरी: शिकाऊ विमानांचे वळसे शाळा-दवाखान्यांवरून नसावेत, आणि परीक्षांच्या दिवसांत त्यांची वेळ गावास विचारून ठरावी. तिसरी: धावपट्टीच्या दोन्ही टोकांस नवी वस्ती, शाळा, वसतिगृह यांस परवानगी देऊ नये. उंचीचे नियम 2015 पासून आहेत; ते कागदावर न राहता तलाठ्याच्या आणि ग्रामसेवकाच्या टेबलावर असावेत. शिवणीस हे विशेष निकडीचे आहे, कारण तेथे अकोला शहर वाढत वाढत धावपट्टीशी भिडले आहे. चौथी, आणि आमच्या धंद्यातली: विमानाजवळ उभे राहून सामान चढविणाऱ्या, झाडणाऱ्या, इंधन भरणाऱ्या प्रत्येक कंत्राटी मजुरास कानाचे संरक्षण मिळावे, आणि त्याचे कान कामावर लागण्याच्या दिवशीच तपासून त्याची नोंद त्याच्या हाती द्यावी.

यांत एकही मागणी अशी नाही की जिच्यापायी विमान थांबेल. विमानतळ लहान आहे तोवर या गोष्टी थोड्या खर्चात होतात. तो मोठा झाला, भोवती घरे उठली, की मग कोर्टकचेरी, मोर्चे, आणि एखादा अपघात झाल्यावर चौकशी समिती.

आमचे फिटर आता हयात नाहीत. शेवटी शेवटी ते आमच्या ओठांकडे पाहून बोलणे समजून घेत. हरलेल्या अर्जाबद्दल त्यांनी आम्हांस कधी बोल लावला नाही. एकदा एवढेच म्हणाले, "पुढच्या पोराचं पयले लिहून ठेवजा." ते काम आम्ही जिनात केले. आता बेलोऱ्यास आणि शिवणीस करावयाचे आहे, आणि त्यासाठी पुढल्या ग्रामसभेस जाणारी माणसे हवी आहेत. ज्यांस यावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर आपले नाव आमच्या वहीत लिहावे.