डाव्या पावलावरचा टोल

लष्करी वाद्यवृंदांचे संचलन, मोटारसायकलस्वारांच्या कसरती, श्वानपथकाची प्रात्यक्षिके आणि अखेरीस सूर्यास्ताचा बिगुल असा जो मैदानी सोहळा जगभर 'मिलिटरी टॅटू' या नावाने ओळखला जातो, त्याच्या नावाचा गोंदणाशी काहीही संबंध नाही. सतराव्या शतकात नेदरलँड्समधील छावण्यांत रात्र पडू लागली की वादक ढोल वाजवीत गुत्त्यांवरून फिरत असे आणि दारूच्या पिंपांच्या तोट्या बंद करण्याचा इशारा देत असे. 'तोटी बंद करा' या अर्थाच्या डच शब्दांचेच पुढे इंग्रजीत 'टॅटू' झाले. सैनिकांना मुक्कामावर परत बोलावणाऱ्या या इशाऱ्याभोवती हळूहळू वादन आणि संचलन यांची भर पडत गेली, त्याला लोकांसमोर सादर करण्याच्या कलेचे रूप आले आणि एडिंबरोच्या किल्ल्यासमोर १९५० पासून भरणारा सोहळा तर त्याचा जगप्रसिद्ध नमुना ठरला.

सातारा-सांगलीच्या रसिकाला मात्र ही कला पाहण्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि सुमारे ९३ हजार जण युद्धकैदी झाले. त्या विजयाच्या स्मरणार्थ निवृत्त कर्नल संभाजीराव पाटील यांच्या पुढाकाराने सुरू झालेला विजय दिवस समारोह कराडच्या छत्रपती शिवाजी स्टेडियमवर डिसेंबरच्या मध्यास होतो आणि सहकुटुंब आलेल्या प्रेक्षकांनी स्टेडियमच्या पायऱ्या भरून जातात. हा सोहळा कराडात रुजला यात नवल नाही. ज्या अपशिंगे गावातील ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि जे त्यामुळे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून ओळखले जाते, ते गाव कराडच्याच सातारा जिल्ह्यात आहे. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यातच सुरू झाली. आणि १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव देवराष्ट्रे पूर्वी सातारा जिल्ह्यात होते व आज सांगली जिल्ह्यात आहे. पायऱ्यांवर बसलेल्या अनेकांच्या घरातील कोणी ना कोणी पलटणीत असते, आणि म्हणूनच या प्रेक्षकांना केवळ टाळ्या वाजवण्यापलीकडचे, खरोखरीचे पाहणे-ऐकणे साधले पाहिजे.

त्याची सुरुवात मोठ्या ढोलापासून करावी. संचलनात ढोलाचा ठळक टोल नेहमी डाव्या पावलावर पडतो, आणि हे एकदा कानाने पकडले की समोरची शंभर माणसे एकाच शरीराची असल्यासारखी का भासतात हे कळू लागते. भारतीय पायदळाची सामान्य जलद चाल, म्हणजे 'तेज चल' या हुकुमानंतरची गती, मिनिटाला १२० पावलांची असते. बेळगावला केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चाल मात्र मिनिटाला १४० पावलांची असते. 'लाइट इन्फन्ट्री' म्हणजे हलके सामान घेऊन मुख्य फळीच्या पुढे विखरून लढणारे चपळ पायदळ. १७६८ मध्ये उभ्या राहिलेल्या 'जंगी पलटणी'पर्यंत मूळ जाणाऱ्या या रेजिमेंटच्या भरभर पडणाऱ्या पावलांत ते युद्धतंत्र अजूनही शिल्लक आहे. मिनिटाला वीस पावलांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटला, तरी मैदानावर सामान्य चालीची तुकडी आणि मराठ्यांची तुकडी एकामागून एक गेल्या की हवेचा पोतच बदलल्यासारखा वाटतो.

येथे एका भ्रमाचे निराकरण करणे आवश्यक आहे. स्टेडियमच्या दूरच्या टोकाला बसलेल्या प्रेक्षकाला पावले टोलाशी जुळत नाहीत असे दिसते आणि तो दोष तो जवानांना देतो. वस्तुतः ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जात असल्याने १०० मीटरवरच्या ढोलाचा आवाज पोहोचायला सेकंदाचे जवळजवळ तीन दशांश लागतात, आणि १२०च्या चालीत एक पाऊल तर अवघ्या अर्ध्या सेकंदाचे असते. म्हणजे पाऊल पडलेले दिसते आणि त्याचा टोल कानावर येईपर्यंत दुसरे पाऊल अर्ध्याहून अधिक उचललेले असते. याच कारणाने वाद्यवृंद मोठा असला की केवळ कानावर विसंबून भागत नाही. सर्वांच्या पुढे चालणारा ड्रम मेजर, म्हणजे वाद्यवृंदाचे संचलन चालवणारा नायक, हातातील लांब दंडाने ताल 'दाखवतो' आणि मागच्या ओळी तो डोळ्यांनी वाचतात. त्या दंडाच्या फेकीला टाळ्या पडतात, परंतु तिचे खरे काम टाळ्यांपेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

पाहण्यासारखी दुसरी जागा म्हणजे वळण. 'दाहिने घूम' या हुकुमावर सात-आठ जणांची एक ओळ दाराच्या फळीसारखी फिरते, तेव्हा बिजागरीच्या जागेवरचा जवान जवळजवळ जागच्या जागी पावले टाकतो, बाहेरच्या टोकाचा लांब ढांगा टाकतो, मधले आपापल्या अंतराप्रमाणे पाऊल बेतात आणि तरीही सर्वांचा डावा पाय एकाच क्षणी जमिनीवर येतो. नवख्या तुकडीत ओळ येथे धनुष्यासारखी वाकते. कसलेल्या तुकडीची रेघ सरळ राहते. सांगलीच्या आटपाडी-जत भागातील धनगरांचे गजीनृत्य ज्याने डोळे भरून पाहिले आहे, किंवा शाळेच्या पटांगणावर लेझीम खेळली आहे, त्याला वर्तुळ न मोडता फिरणे किती अवघड असते हे वेगळे सांगावे लागत नाही.

बॅगपाइप, म्हणजे हवेने भरलेल्या पिशवीला जोडलेल्या नळ्यांचे वाद्य, अनेकांना कर्कश वाटते. पण मिरजेच्या परिसरातील कानाला ते परके वाटण्याचे कारण नाही. वादकाच्या खांद्यावरून वर गेलेल्या तीन नळ्या एकच आधारस्वर अखंड धरून ठेवतात, आणि ते काम नेमके तंबोऱ्याचेच आहे. मिरजेत ज्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकापासून सतार-तंबोरे घडवले, ते मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे कारागीर होते; शस्त्र आणि सूर यांची इतकी जवळीक असलेल्या मुलखात पाइप ऐकताना आधी तो आधारस्वर शोधावा आणि मग त्यावर चाललेली धून ऐकावी. पिशवीतील हवा थांबत नसल्याने पाइपवर दोन स्वरांमध्ये विराम घेता येत नाही. तोच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये बोटाने क्षणभर दुसरा स्वर झटकावा लागतो, ज्याला आपल्या संगीतात कण म्हणतात. तेव्हा धुनीतील थरथर ही केवळ हौसेची सजावट नसून गरजेतून जन्मलेले सौंदर्य आहे. धून संपते त्या क्षणी सर्व नळ्या एकदम गप्प झाल्या तर पथक उत्तम, एखादी कण्हत मागे राहिली तर तालीम अपुरी.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे झांजपथक हा या परंपरेतील सर्वांत आपुलकीचा भाग होय. पाश्चात्त्य संचलनात शरीर ताठ आणि पाऊल सरळ असते. झांजपथकात गुडघे वाकतात, शरीर झुलते, झांज डोक्यावर उसळते आणि गावच्या मिरवणुकीचा जोश लष्करी शिस्तीच्या चौकटीत बसतो. मोटारसायकलींचे मनोरे, मल्लखांब आणि श्वानपथकाची हुशारी यांचे कौतुक मुले मोकळेपणाने करतातच, त्यासाठी वेगळ्या शिक्षणाची जरुरी नाही. मात्र अशा सोहळ्यांत ध्वनिक्षेपकावरून वाद्यांवरही चालू राहणारे निवेदन जरा थांबवले, तर कलेवर उपकार होतील.

शेवटी बिगुल. या वाद्याला बोटांनी दाबायच्या कळा नसतात. ओठांचा ताण बदलूनच स्वर काढावा लागतो, त्यामुळे लष्करी इशारे षड्ज, गंधार आणि पंचम या तीनच स्वरांत, खालच्या-वरच्या सप्तकांतून, बांधलेले असतात. तुतारी आणि शिंग यांचाही स्वभाव हाच. सूर्यास्ताचा बिगुल सुरू झाला की ध्वज हळूहळू खाली येऊ लागतो. त्या वेळी श्रोत्याने कान शेवटच्या लांब स्वराकडे आणि डोळे ध्वज उतरवणाऱ्या जवानाच्या हातांकडे ठेवावेत, कारण तो स्वर विरतो त्याच क्षणी कापड त्याच्या हाती यायचे असते, ना आधी, ना नंतर.