गाडी गरम होते, पण कधी?

धानोऱ्यात माझं छोटं गॅरेज आहे. एप्रिल-मे आला, पारा चाळिशीच्या वर गेला, की रोज एक तरी फोन ठरलेला: "भाऊ, गाडी गरम होतेय. काय बदलू?"

मी उलट विचारतो, "कधी गरम होते?"

समोरचा वैतागतो. त्याला पार्टचं नाव हवं असतं, पण आज मला तुम्हाला हेच सांगायचंय. काय बदलायचं हे नंतर, आधी गाडी कधी तापते ते बघा. अर्धं निदान तिथेच होतं.

मागच्या उन्हाळ्यात गावातलाच एक पोरगा आला. जीपवर प्रवासी नेतो, त्यावरच घर चालतं. धानोऱ्याहून नंदुरबार, प्रकाशाला तापी ओलांडून शहादा, आणि वर तोरणमाळ. घाटात गाडी पाणी फेकायची. एका ठिकाणी त्याने रेडिएटर नवीन टाकला, दुसऱ्या ठिकाणी वॉटर पंप. तरी तेच. शेवटी कुणीतरी सांगितलं, हेड उघडावं लागेल. पोरगा मला विचारतो, "काका, विकून टाकू का?"

मी म्हटलं, बस, चहा घे, आणि मी विचारतो ते सांग.

पहिला प्रश्न: उभ्या गाडीत किंवा बाजारातल्या गर्दीत तापते, आणि रस्त्याला लागली की काटा खाली येतो का? तसं असेल तर संशय फॅनवर. गाडी पळताना वारा आपोआप रेडिएटरमधून जातो, उभी असताना ते काम फॅनचं. फ्यूज, रिले, वायर, मोटर या क्रमाने बघायचं. त्याचं उत्तर होतं, "नाही."

दुसरा: सपाट रस्त्यावर वेगात तापते का? मग हवा आहे, पण पाणी नीट फिरत नाही. रेडिएटर आतून क्षाराने किंवा बाहेरून धूळ-भुशाने चोंदलेला असतो, नाहीतर पंप कमजोर असतो. "नाही काका, शहाद्यापर्यंत काटा हलत नाही."

तिसरा: सकाळी चालू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापते का? मग थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो. वरचा होज पाईप कडक गरम आणि खालचा थंड, ही त्याची खूण. पाईपला हात लावायचा तर फॅनपासून लांब राहून. "नाही."

चौथा, सगळ्यात महत्त्वाचा: पाणी कमी होतं, पण खाली थेंब दिसत नाही, असं आहे का? सोबत सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल, किंवा थंड गाडी टोपी उघडी ठेवून चालू केली तर पाण्यात सतत बुडबुडे? मग हेड गॅस्केटची शंका खरी. त्याच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. पाणी जात होतं, पण बाटलीतून उतू जाऊन.

म्हणजे फक्त घाटात, फक्त लोड घेऊन. मग मी गाडी चांगली तापवली आणि फडकं धरून वरचा होज पाईप दाबला. गरम गाडीत तो टणक लागायला हवा. हा मऊ होता. म्हणजे आत प्रेशरच बनत नव्हतं. गाडी पूर्ण थंड झाल्यावर टोपी काढली. रबर चिरलेलं, स्प्रिंग ढिली. नव्या रेडिएटरवर जुनीच टोपी बसवलेली!

आता टोपीने एवढं काय होतं? घरचा कुकर आठवा. प्रेशरमुळे पाणी 100 अंशांवरही उकळत नाही. रेडिएटरची टोपी तेच करते. ती ठीक असेल तर पाणी साधारण 120 अंशांपर्यंत तग धरतं, कूलंट त्याहून जास्त. तोरणमाळ 1,100 मीटरच्या वर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं. चढणीवर इंजिन तेवढं तापणारच. टोपी फुटकी, तर पाणी उकळून बाहेर.

दोन-तीनशे रुपयांची टोपी, आणि योग्य प्रमाणात कूलंट. पोरगा वर जाऊन आला, काटा मध्येच. जीप अजून चालू आहे.

आता रस्त्यात गाडी तापली तर काय? एसी बंद, हीटर फुल गरम आणि फुल स्पीडवर, काचा खाली. हीटरही छोटा रेडिएटरच आहे, उष्णता बाहेर ओढतो. हीटरमधून थंड हवा आली तर समजा पाणी संपलंय किंवा फिरत नाहीये. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली की लगेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ" म्हणालात, तर हेड वाकतं. आणि काटा अचानक खाली आला म्हणून खूश होऊ नका. पाणी संपलं की सेन्सर हवेत राहतो आणि खोटं सांगू शकतो.

टोपी गरम असताना उघडायची नाही. म्हणजे नाहीच. शिकाऊ असताना मी उघडली होती, उजव्या मनगटावरचा डाग अजून आहे. किमान अर्धा तास थांबा, तरी हात लावून बघा, जाड फडकं ठेवा, आधी थोडीच फिरवा. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

दोन सवयी सोडा. एक, "थर्मोस्टॅट काढून टाक, झंझटच नको." त्याने मूळ दोष झाकला जातो, इंजिन नीट तापत नाही आणि डिझेल जास्त खातं. दोन, कायम बोअरचं पाणी भरणं. अडचणीत चालेल, पण त्यातला क्षार आत थर बनवतो. आणि काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्रं, शेळी चाटायला येते.

तर पुढच्या वेळी गाडी तापली, की फोनच्या नोट्समध्ये चार गोष्टी लिहा: कुठे तापली, वेग किती होता, एसी चालू होता का, पाणी किती कमी झालं. मिस्त्रीला आधी ते वाचून दाखवा. ते न ऐकता त्याने थेट पार्टचं नाव घेतलं, तर विचारा, "कशावरून?" चांगला मिस्त्री रागावणार नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर टोपीचं रबर एकदा बघून घ्या. सकाळी, गाडी थंड असताना.