यादी कोण करतं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आजचा विषय बायकांचा फुटबॉल, असं ऐकल्यावर तुमच्यातल्या काहीजणी हसल्या. बरोबरच आहे. आपले प्रश्न पाण्याचे, रेशनचे, मारझोडीचे. त्यात हा चेंडू कुठून आला? पण मी खेळापेक्षा यादीबद्दल बोलणार आहे. आणि यादी म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला कळतं? रोजगार हमीच्या मस्टरवर नाव नसेल तर दिवसभर खडी फोडूनही मजुरी नाही. सातबाऱ्यावर नाव नसेल तर जन्मभर राबूनही जमीन आपली नाही. खेळणाऱ्या बाईचंही तसंच आहे. ती कितीही चांगली खेळो, संघाच्या यादीत नाव आलं तरच ती खेळाडू. म्हणून ही यादी कोण करतं आणि कोणत्या नियमानं करतं, हे आपण समजून घ्यायला हवं.

आपल्या दाराशी घडलेल्या गोष्टीपासून सुरुवात करते. २३ जानेवारी २०२२. नवी मुंबईतलं डी. वाय. पाटील स्टेडियम. बायकांच्या आशियाई करंडकात यजमान भारताचा सामना चिनी तैपेईशी होता. २०२३च्या विश्वचषकाची वाट याच स्पर्धेतून जात होती. सामना झालाच नाही. संघातल्या अनेकींना करोनाची लागण झाली होती. नियम असा, की गोलरक्षकासह किमान १३ खेळाडू उपलब्ध हव्यात. तेवढ्या उरल्या नव्हत्या. तीन दिवसांपूर्वी इराणशी बरोबरीत सुटलेला सामनाही रद्दबातल ठरला. विश्वचषकाची वाट बंद झाली.

तेराची अट अवाजवी होती असं मी म्हणत नाही. अकराजणी मैदानात आणि दोघी राखीव, एवढं तर लागतंच. पण नियमाचा शब्द बघा. भारतानं स्पर्धेतून 'माघार घेतली' असं धरण्यात आलं. आजारी पडून खोलीत अडकलेल्या मुलींनी कसली माघार घेतली? सामना पुढे ढकलला गेला नाही आणि कागदावर जबाबदारी त्यांच्या नावावर चढली. हे आपल्या ओळखीचं आहे. बाईला घराबाहेर काढतात आणि लिहितात, 'ती स्वखुशीनं माहेरी गेली.'

आता आकडा बघू. बायकांचा पहिला विश्वचषक १९९१ साली चीनमध्ये झाला. पुरुषांचा सामना ९० मिनिटांचा, बायकांचा ८० मिनिटांचा. पुरुषांच्या संघात तेव्हा २२ जण, बायकांच्या संघात १८. पुढची दहा मिनिटं बायकांना झेपणार नाहीत, ही शंका त्यांना न विचारताच घेतली गेली. पुढे तो आकडा हळूहळू वाढला आणि २०१५ साली २३ झाला. तोवर पुरुषांच्या बरोबरीला आलो असं वाटलं. मग २०२२ साली पुरुषांच्या विश्वचषकात २६ जणांना परवानगी मिळाली. २०२३च्या बायकांच्या विश्वचषकात मात्र २३च.

तीन नावांनी काय फरक पडतो? पडतो. २३ मधल्या तिघी गोलरक्षक असाव्याच लागतात. म्हणजे बाकी सगळ्या जागांसाठी वीसजणी. दुखापतीतून उठलेली, बाळंतपणानंतर परतलेली, पहिल्यांदाच निवडलेली कोवळी पोर, यांचा नंबर लागतो तो याच शेवटच्या जागांवर. शिवाय २०२३ साली फिफानं संघातल्या प्रत्येक खेळाडूसाठी किमान ३० हजार डॉलर जाहीर केले होते. काही देशांतल्या मुलींसाठी ही काही वर्षांची कमाई. चोविसाव्या मुलीला त्यातलं काही नाही.

तिसरी गोष्ट सहीची. यादी खेळाडू पाठवत नाहीत, देशाची संघटना पाठवते. संघटनेची मान्यता गेली तर यादीला किंमत नाही. ऑगस्ट २०२२मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाच्या कारभारावरून वाद झाला आणि फिफानं महासंघाला निलंबित केलं. त्याच वेळी केरळच्या गोकुलम संघाच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात पोचल्या होत्या. देशातली लीग जिंकून त्यांनी ती जागा मिळवली होती. त्यांना न खेळता परत यावं लागलं. निलंबन ११ दिवसांत उठलं, पण तोवर त्यांची स्पर्धा हातची गेली होती. भांडण खुर्च्यांचं आणि भुर्दंड मुलींना.

अफगाणिस्तानात तर त्याहून भयंकर झालं. २०२१ साली तालिबान आल्यावर तिथल्या खेळाडूंना देश सोडावा लागला. बऱ्याचजणी ऑस्ट्रेलियात गेल्या. खेळाडू होत्या, सराव चालू होता, पण संघटनेची सही नाही म्हणून देशाचा संघ नाही. ज्यांनी बायकांना मैदानातून हाकललं, त्यांच्याच देशातल्या संघटनेचा कागद आणा, असा हा नियम! त्या गप्प बसल्या नाहीत. चार वर्षं सतत मागणी केली, तेव्हा २०२५ साली फिफानं निर्वासित अफगाण बायकांचा संघ उभा करायला मान्यता दिली आणि त्या वर्षी तो मोरोक्कोत खेळलाही.

चौथी गोष्ट शरीराची. झांबियाच्या बार्ब्रा बांडानं टोकियो ऑलिंपिकमध्ये लागोपाठ दोन सामन्यांत प्रत्येकी तीन गोल केले. वर्षभरानं, जुलै २०२२मध्ये, आफ्रिकी करंडकाच्या वेळी ती संघाबाहेर. आफ्रिकी महासंघाच्या लिंगविषयक निकषांत ती बसत नाही, असं तिच्या संघटनेच्या अध्यक्षांनी जगाला सांगितलं. २०२३च्या विश्वचषकात तीच बांडा झांबियाची कर्णधार होती. बायकांच्या विश्वचषकाच्या इतिहासातला हजारावा गोल तिनंच मारला. बाई तीच. एका संस्थेच्या निकषात बसत नाही, दुसऱ्या स्पर्धेत कर्णधार! मग प्रश्न तिच्या शरीराचा की नियमाचा? आपल्याकडे शांती सौंदराजनचं २००६च्या आशियाई स्पर्धेतलं रौप्यपदक असंच काढून घेतलं गेलं. द्युती चंद मात्र लढली आणि २०१५ साली क्रीडा लवादानं तो नियम स्थगित केला. पुरुष खेळाडूला पुरुष असल्याचा दाखला कुणी मागत नाही. आणि तपासणीत जे काही निघतं ते चव्हाट्यावर का येतं, हाही प्रश्न आपण विचारला पाहिजे.

शेवटची गोष्ट स्पेनची. सप्टेंबर २०२२मध्ये स्पेनच्या १५ खेळाडूंनी महासंघाला कळवलं, की या वातावरणात आमच्या मनावर आणि तब्येतीवर परिणाम होतोय, परिस्थिती बदलेपर्यंत आम्हाला संघात घेऊ नका. महासंघानं उलट त्यांच्यावरच बेशिस्तीचा ठपका ठेवला. त्या पंधरांपैकी तिघीच २०२३चा विश्वचषक खेळल्या. स्पेन जिंकला. बक्षीस समारंभात महासंघाच्या अध्यक्षानं जेनी एर्मोसो या खेळाडूचं सगळ्या जगासमोर जबरदस्तीनं चुंबन घेतलं.

नंतर ८१ खेळाडूंनी पत्रक काढलं, की हे नेतृत्व असेपर्यंत आम्ही देशासाठी खेळणार नाही. अध्यक्षाला जावं लागलं. आणि मग काय झालं? नव्या प्रशिक्षक बाईंनी यादी जाहीर केली, तीत न खेळण्याचं जाहीर केलेल्या खेळाडूंची नावं घातली. बोलावणं आलं की हजर व्हायचं, हा नियम. नाही आलात तर कायद्यानं दंड आणि बंदी. एर्मोसोचं नाव मात्र यादीत नव्हतं. तिच्या संरक्षणासाठी वगळलं, असं सांगण्यात आलं. बघा, एकच यादी. जिला नको म्हणायचं आहे तिला बांधून आणण्यासाठी तीच वापरली, आणि जिच्यावर अत्याचार झाला तिला बाजूला ठेवण्यासाठीही तीच. तक्रार करणाऱ्या बाईला 'काही दिवस घरीच थांब' म्हणणारे साहेब आपण कचेऱ्यांमध्ये पाहिलेले आहेत.

पण त्या मुली एकत्र राहिल्या. हजर झाल्या आणि रात्रभर सात तासांहून अधिक वाटाघाटी केल्या. महासंघाला लेखी बदल मान्य करावे लागले. दोघी परत गेल्या, त्यांना शिक्षा झाली नाही. पुढच्या महिन्यात एर्मोसो संघात परतली. २०२५ साली न्यायालयानं माजी अध्यक्षाला लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरवलं.

मैत्रिणींनो, नियम आभाळातून पडत नाहीत. ते बैठकीत लिहिले जातात. २०१६पासून फिफाच्या ३७ जणांच्या परिषदेत प्रत्येक खंडातून किमान एक बाई असावी, अशी तरतूद आहे. म्हणजे सक्तीच्या जागा सहा. तरीही नियम बदलत आले आहेत. अठराचे तेवीस झाले. डोक्यावरच्या रुमालावरची फिफाची बंदी २०१४ साली उठली. २०२१पासून व्यावसायिक खेळाडूंना १४ आठवड्यांची भरपगारी नसली तरी दोन तृतीयांश पगाराची बाळंतपणाची रजा मिळू लागली. यातलं बरंचसं खेळाडूंनी भांडून मिळवलेलं आहे.

तुमच्या तालुक्यात, जिल्ह्यात मुलींचे संघ निवडले जातात. कबड्डीचे, खो-खोचे, फुटबॉलचे. पुढच्या वेळी जाऊन चार प्रश्न विचारा. निवडीचे निकष लेखी आहेत का? निवड समितीत बाया किती? नाव वगळलं तर दाद कुठे मागायची? आणि मुलीनं तक्रार केली, तर तिचं नाव यादीत राहतं का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर घ्या. तोंडी उत्तरावर उठून येऊ नका.